नाटकाच्या संहितेतून प्रगत इंग्रजी शब्दसंपदा : सीमाभागातील मराठी वाचकांसाठी एक अभ्यासक्रम

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील एखाद्या गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी पीयूसीसाठी (म्हणजे अकरावी-बारावीसाठी) बेळगावात येते, तेव्हा तिला इंग्रजी येत नसते असे नाही. बातमी कळते, अर्ज लिहिता येतो, वर्गात प्राध्यापक काय सांगतात तेही बहुतेक समजते. अडते ते त्याच्या पुढे. मराठीत चिडणे, खवळणे, रुसणे, फणकारणे, धुसफुसणे अशा रागाच्या दहा छटा सहज वेगळ्या करणारी ही मुलगी इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी 'अँग्री' एवढ्यावरच भागवते, आणि आपल्याला म्हणायचे होते ते हे नव्हे, ही टोचणी तिला लागून राहते.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. पदवीनंतर मी 'प्रगत इंग्रजी शब्द' अशा नावाची एक यादी पाठ केली होती. त्या यादीत 'स्टबर्न' या शब्दापुढे 'चिवट' असा अर्थ दिलेला होता. मराठीत चिवट माणूस म्हणजे हार न मानणारा, कौतुकाचा माणूस. म्हणून नोकरीच्या अर्जात मी स्वतःचे वर्णन 'स्टबर्न' असे केले. मुलाखतीत त्या शब्दावरच प्रश्न आला, आणि मी ज्याला गुण समजत होते तो समोरच्यांच्या कानाला हट्टीपणा वाटतो, हे मला तिथे कळले. मला हवा होता तो शब्द 'टिनेशस' किंवा 'परसिस्टंट' हा होता. यादीने अर्थ दिला होता, पण तो शब्द कोण, कोणाला, कोणत्या भावनेने वापरतो हे सांगितले नव्हते. नाटक नेमके तेच सांगते. त्यातील प्रत्येक शब्द कोणाच्या तरी तोंडी असतो, कोणाला तरी उद्देशून असतो आणि त्यामागे बोलणाऱ्याचा काही हेतू असतो. गेली अनेक वर्षे मी संध्याकाळच्या वर्गात याच पद्धतीने शिकवते आहे; ती येथे क्रमाने मांडते.

नाटक कोणते घ्यावे

पहिल्या वाचनासाठी माझी निवड पक्की आहे : जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन'. १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत आणि १९१४ साली लंडनमध्ये इंग्रजीत रंगमंचावर आलेले हे नाटक भाषा शिकण्याविषयीच आहे. रस्त्यावर फुले विकणारी एलायझा डूलिटल ही मुलगी ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक हिगिन्स यांच्याकडे बोलणे सुधारण्यासाठी जाते, एवढे कथानक सुरुवातीला पुरे. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणले, त्यामुळे मराठी वाचकाला गोष्ट आधीच ओळखीची असते. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, हेही आपल्याकडच्या वाचकाला सांगण्यासारखे आहे. 'ती फुलराणी' आधी वाचावे किंवा पाहावे, परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ओळीस ओळ जुळवू नये. ते रूपांतर आहे. तिथे शब्दाला शब्द सापडणार नाही आणि सापडला तर तो बहुधा फसवा असेल.

शॉ यांचे निधन १९५० साली झाले असल्यामुळे भारतीय कायद्यानुसार या नाटकाचा स्वामित्वहक्क संपला आहे, आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर मूळ संहिता विनामूल्य मिळते. एक खबरदारी मात्र घ्यावी. १९३८ च्या चित्रपटानंतर, १९४१ च्या आवृत्तीत शॉ यांनी काही नवे प्रसंग घातले. त्यामुळे गटाने वाचायचे असेल तर सर्वांच्या हातात एकच आवृत्ती असावी. सुरुवातीची प्रस्तावना आणि शेवटी जोडलेला लांब गद्य मजकूर पहिल्या फेरीत बाजूला ठेवावा. शिवाय शॉ काही शब्दांत लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) गाळत असत. अशी रूपे छापलेली आढळली तर ती परीक्षेच्या पेपरात उतरवू नयेत.

शेक्सपिअरपासून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यामागची ओढ मला समजते. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. ही नावे आपल्या ओळखीची आहेत. परंतु चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रजीत अनेक शब्दांचे अर्थ आजच्यापेक्षा वेगळे आहेत. 'प्रेझेंटली' हा शब्द तिथे बहुतेक वेळा 'ताबडतोब' या अर्थाने येतो, आज तो 'थोड्या वेळाने' किंवा 'सध्या' या अर्थाने वापरतात. शब्दसंपदा वाढवणे हा हेतू असेल तेव्हा शेक्सपिअर तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर घ्यावा.

पहिली फेरी : शब्दकोश मिटलेला

पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नये. एका बैठकीत जमेल तेवढा भाग वाचावा आणि समासात पेन्सिलीने फक्त बारीक टिंब द्यावे : जिथे शब्द कळला नाही तिथे एक टिंब, जिथे शब्द कळला नाही तरी प्रसंग कळला तिथे दोन टिंबे. ही दोन टिंबांची ठिकाणे पुढच्या अभ्यासाचे भांडवल आहेत, कारण तिथे अर्थ तुम्ही प्रसंगावरून ओळखलेला असतो.

हे कसे घडते ते नाटकाच्या अगदी पहिल्या परिच्छेदात पाहावे. तो संवाद नाही, रंगसूचना आहे. लंडनमधील कॉव्हेंट गार्डन, रात्रीचे सव्वाअकरा, उन्हाळ्यातला जोराचा पाऊस. त्या काळी कॉव्हेंट गार्डनला भाजी, फळे आणि फुले यांचा मोठा बाजार होता. बेळगावच्या गणपत गल्लीत संध्याकाळी पावसाने गाठले, म्हणजे लोक जसे दुकानांच्या पायऱ्यांवर दाटीने उभे राहतात, तसेच हे दृश्य आहे. पावसासाठी शब्द येतो 'टॉरन्ट्स'. जुलैत खानापूरच्या रानात पाऊस कोसळताना पाहिलेल्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. भाड्याच्या गाड्या बोलावण्याच्या शिट्ट्या चारी दिशांना 'फ्रॅन्टिकली' वाजत आहेत, म्हणजे जिवाच्या आकांताने, वेड्यासारख्या. पायी चालणारे लोक, म्हणजे 'पिडेस्ट्रिअन्स', आसऱ्यासाठी बाजारात आणि चर्चच्या 'पोर्टिको'खाली धावतात. खांबांवर छत असलेली, इमारतीच्या दर्शनी बाजूची ती पडवी. सगळे जण पावसाकडे 'ग्लूमिली', खिन्नपणे, डोळे ताणून पाहत आहेत. फक्त एक माणूस सर्वांकडे पाठ करून उभा आहे आणि वहीत काहीतरी भराभर लिहितो आहे. तो वहीत पूर्णपणे 'प्रिऑक्युपाइड' आहे.

या शेवटच्या शब्दाजवळ थांबावे. शब्दकोशात 'व्यग्र' असा अर्थ मिळेल आणि मग विद्यार्थी 'आज मी कामात व्यग्र आहे' यासाठी 'प्रिऑक्युपाइड' वापरू लागेल. पण नाटकातला तो पाठमोरा माणूस एकदा डोळ्यांपुढे आला की शब्दाचा खरा गाभा कळतो : मन एका गोष्टीने इतके व्यापलेले की आजूबाजूचा मुसळधार पाऊसही जाणवत नाही. 'बिझी' असणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, 'प्रिऑक्युपाइड' असणाऱ्याचे मन. हा फरक त्या पाठीने शिकवला.

दुसरी फेरी : रंगसूचनांची खाण

नाटक वाचताना बहुतेक जण कंसातला मजकूर गाळून संवादाकडे धावतात. शब्दसंपदेसाठी वाचणाऱ्याने उलटे करावे. शॉ यांच्या संवादांची भाषा पुष्कळदा साधी असते आणि प्रगत शब्द कंसांत बसलेले असतात, कारण तिथे लेखक नटाला आवाजाची आणि मनाची नेमकी छटा सांगत असतो.

दुसऱ्या अंकातील एक जागा मी दरवर्षी वर्गात घेते. एलायझा प्रथमच हिगिन्सच्या घरी आली आहे आणि तिला बसायला सांगायचे आहे. मूळ शब्द दोनच, 'सिट डाउन'. हिगिन्स ते आधी 'पेरेम्प्टरिली' म्हणतो. ती ऐकत नाही, तेव्हा तेच शब्द तो तिच्यावर गरजत, 'थंडरिंग', म्हणतो. मग घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस पिअर्स 'सिव्हिअर्ली' म्हणतात आणि सांगितले तसे करण्याची ताकीद देतात. एलायझा अर्धी बंडखोर, अर्धी गोंधळलेली, तशीच उभी राहते. म्हणजे 'रिबेलिअस' आणि 'बिविल्डर्ड' हे दोन शब्द एकाच चेहऱ्यावर. शेवटी कर्नल पिकरिंग 'व्हेरी कर्टिअस' होऊन विचारतात, आपण बसणार नाही का? आणि ती 'कॉयली', लाजत मुरकत, बसते.

हा प्रसंग आधी मराठीत म्हणून पाहावा. पहिले 'बस' हुकमाचे आहे. समोरच्याला नाही म्हणण्याची मुभाच ठेवलेली नाही, ते 'पेरेम्प्टरी'. दुसरे 'बस म्हणतो ना!' असे ओरडलेले. तिसरे 'बस गं, सांगितलं तेवढं कर', घरातल्या मोठ्या बाईच्या कडक आवाजातले. चौथे 'बसा ना'. मराठीत आपण शब्दाचे रूपच बदलतो. इंग्रजीत पहिल्या तिन्ही वेळा शब्द तेच राहतात आणि फरक आवाजात व कंसातल्या विशेषणात जातो. म्हणूनच इंग्रजीत अशी विशेषणे आणि क्रियाविशेषणे एवढी लागतात. हे एकदा लक्षात आले, की ती पाठ करण्याचे ओझे वाटत नाही.

त्याच अंकात हिगिन्स एलायझाविषयी तिच्यासमोरच वाटेल ते बोलत असतो, आणि पिकरिंग त्याला विचारतात की या मुलीला काही भावना असतील असे तुझ्या मनात येते का. कंसात लिहिले आहे, 'गुड ह्यूमर्ड रिमॉन्स्ट्रन्स'. 'रिमॉन्स्ट्रन्स' म्हणजे निषेध असे शब्दकोश सांगेल. पण मोर्चातला निषेध तो 'प्रोटेस्ट'. 'रिमॉन्स्ट्रन्स' हे समोरासमोर, कारण देऊन, अनेकदा जवळच्या माणसाला केलेले हटकणे आहे. 'अरे, असं बरं नव्हे' हे त्याचे सर्वांत जवळचे मराठी रूप. इथे त्याला 'गुड ह्यूमर्ड' जोडल्यामुळे राग न धरता, हसतमुखाने केलेले हटकणे असा अर्थ होतो.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक बैठकीला आठ ते दहा शब्दच निवडावेत. निवडीची माझी कसोटी अशी की, हा शब्द पुढच्या महिनाभरात मला लिहिताना किंवा बोलताना लागेल का? एलायझा आणि तिचा बाप यांच्या तोंडची लंडनच्या गल्लीतली बोली ऐकावी, समजून घ्यावी, पण वहीत उतरवू नये. त्या काळच्या पोशाखाची आणि वाहनांची नावेही सोडून द्यावीत.

वही कशी ठेवावी

पान आडवे धरून पहिला रकाना प्रसंगाचा करावा, अर्थाचा नव्हे. 'एलायझाचा बाप आडवळणाने पैसे मागतो; हिगिन्सला त्याच्या बोलण्यातील लय आवडते' असे मराठीत एक वाक्य. दुसऱ्या रकान्यात शब्द, देवनागरीत उच्चार आणि आघात कोणत्या अक्षरावर आहे त्याची खूण. तिसऱ्यात शब्दाचे कुटुंब, चौथ्यात त्याच्याबरोबर नेहमी येणारे शब्द, आणि पाचवा रकाना तुमच्या स्वतःच्या आयुष्यातील वाक्यासाठी. अर्थाला मी वेगळा रकाना देत नाही. प्रसंग वाचून अर्थ आठवला नाही तरच शब्दकोश उघडावा, आणि तोही इंग्रजी-इंग्रजी. ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' शब्दकोश यासाठी पुरेसा आहे.

वरच्याच प्रसंगात बापाचे बोलणे ऐकून हिगिन्स म्हणतो की याला 'रेटरिक'ची उपजत देणगी आहे, आणि त्याच ओघात त्याची 'मेन्डॅसिटी' व अप्रामाणिकपणा यांचेही कारण सांगतो. 'मेन्डॅसिटी' हा अवघड शब्द इथे 'डिसऑनेस्टी' या सोप्या शब्दाला खेटून आला आहे, त्यामुळे तो खोटेपणाशी संबंधित असणार हे शब्दकोशाविना कळते. नाटकात असे जोडीने येणारे शब्द मुद्दाम शोधावेत. सोपा शब्द अवघडाची किल्ली असतो. पुढे कुटुंब लिहावे : 'मेन्डेशस' हे विशेषण. तसेच 'रेटरिक'वरून 'रेटॉरिकल'. इथे आघात पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर सरकतो, हे तोंडाने म्हटल्याशिवाय ध्यानात राहत नाही.

उच्चारांच्या बाबतीत सीमाभागातील विद्यार्थ्याजवळ एक साधन असे आहे, जे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ सहसा नसते. देवनागरीत 'मिळवणे' या अर्थाचा 'गेट' आणि 'फाटक' या अर्थाचा 'गेट' सारखेच लिहिले जातात. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांची अक्षरे वेगळी आहेत, ओ चीही तशीच. शाळेत कन्नड शिकलेल्या मुलांनी अशा ठिकाणी उच्चार कन्नड अक्षरांत लिहावा. फरक तंतोतंत इंग्रजीसारखा नसला, तरी कान तिकडे वळतो.

तिसरी फेरी : नक्कल आणि तालीम

आपल्या भागात नाटक ही परकी गोष्ट नाही. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, आणि आजही गावच्या यात्रेत किंवा गणेशोत्सवात नाटक बसवणारी मंडळी खेड्यापाड्यांत आहेत. जुने नट आपल्या वाट्याचे संवाद आधीच्या पात्राच्या शेवटच्या शब्दांसह हाताने उतरवून घेत, त्याला नक्कल म्हणत. शब्द जिभेवर बसवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

तीन किंवा चार जणांचा गट करावा. प्रत्येकाने एका प्रवेशातील एका पात्राची नक्कल कंसांतील सूचनांसह उतरवावी. पहिल्या तालमीत वाचून म्हणावे. दुसऱ्या तालमीत बोलण्यापूर्वी नटाने कंसातील शब्द मोठ्याने उच्चारावा आणि मग त्या भावनेने संवाद म्हणावा. तिसऱ्या तालमीत तो शब्द न उच्चारता केवळ आवाजातून दाखवावा आणि ऐकणाऱ्यांनी तो शब्द ओळखावा. 'सिव्हिअर्ली' आणि 'पेरेम्प्टरिली' यांत गट अडखळला, की आपोआप चर्चा सुरू होते, आणि ती चर्चा इंग्रजीत करण्याचा आग्रह धरावा. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा.

मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी पिकरिंगची नक्कल घ्यावी असे मी आग्रहाने सांगते. पाचव्या अंकात एलायझा म्हणते की, पहिल्या दिवशी त्यांनी आपल्याला 'मिस डूलिटल' म्हटले तिथून आपला आत्मसन्मान सुरू झाला. विनंती करणे, नकार देणे, चूक दाखवणे यांसाठी सभ्य इंग्रजी कसे असते ते त्यांच्या बोलण्यातून कळते.

शब्द बरोबर, जागा चुकीची

तिसऱ्या अंकातील एक प्रसंग प्रत्येक प्रगत विद्यार्थ्याने दोनदा वाचावा. उच्चार सुधारलेली एलायझा हिगिन्सच्या आईकडे आलेल्या पाहुण्यांत बसली आहे. पाऊस पडेल का, एवढे आईने विचारले. एलायझा अचूक उच्चारात हवामानखात्याचा वृत्तान्तच सांगते : पश्चिमेकडील 'शॅलो डिप्रेशन', म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत कमी दाबाचा सौम्य पट्टा, पूर्वेकडे सरकण्याची शक्यता आहे आणि 'बॅरोमेट्रिकल' परिस्थितीत मोठ्या बदलाची 'इंडिकेशन्स' नाहीत. व्याकरण निर्दोष, शब्द निर्दोष, आणि तरीही बैठकीतल्या गप्पांत ते बसत नाही.

आपल्याला ही गोष्ट समजायला वेळ लागू नये. घरात 'काय करूलालास?' म्हणणारा बेळगावचा मुलगा पाहुण्यांसमोर 'काय करताय?' म्हणतो आणि दुकानात गिऱ्हाईक पाहून कन्नडमध्ये वळतो. जागा पाहून भाषा बदलण्याची ही सवय इंग्रजीतही न्यावी. त्यासाठी वहीतील प्रत्येक शब्दापुढे एक अक्षर लिहावे : 'ब' म्हणजे बोलण्यात चालेल, 'ल' म्हणजे लेखनातच शोभेल, 'का' म्हणजे कार्यालयीन. 'मेन्डॅसिटी'पुढे 'ल', 'कर्टिअस'पुढे 'ब' आणि 'ल' दोन्ही. निबंधात 'मेन्डॅसिटी' शोभेल. मैत्रिणीला तू खोटे बोललीस असे सांगताना 'यू लाइड' हेच योग्य.

वेळ आणि उजळणी

रोज अर्धा तास दिला तर पाच अंकांचे हे नाटक तिन्ही फेऱ्यांसह साधारण आठ आठवड्यांत होते. दुसरा अंक मोठा आहे, त्याला दोन आठवडे ठेवावेत. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या, १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दाखवले की, पाठ केलेल्यातील बराचसा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी, पुढची तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणी करताना शब्दाचा रकाना कागदाने झाकावा, प्रसंग वाचावा आणि शब्द आठवावा. उलट करू नये; शब्द पाहून अर्थ ओळखणे सोपे असते आणि त्यामुळे येत असल्याचा खोटा भास होतो. खानापूर-बेळगाव बसमधला रोजचा प्रवास या कामाला पुरतो.

प्रत्येक अंक संपल्यावर एक प्रवेश स्वतः लिहावा. जागा आपली घ्यावी : बँकेतील खिडकी, नोंदणी कार्यालयाबाहेरची रांग, आजीला दवाखान्यात नेताना रिक्षावाल्याशी झालेले बोलणे. पात्रे दोन, संवाद दहा ते बारा, साध्या शब्दांत. मात्र प्रत्येक संवादाआधी कंसात वहीतील एक शब्द यावा. माझ्या एका विद्यार्थिनीने आई आणि धाकटा भाऊ यांच्यातील जेवणाचे भांडण लिहिले. त्यात आईच्या एका संवादावर 'रिमॉन्स्ट्रन्स' आणि पुढच्या संवादावर 'पेरेम्प्टरी' असे शब्द होते, आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत आईचा संयम कसा संपला हे वाचताना स्पष्ट दिसत होते.

पुढचे नाटक

दुसऱ्या नाटकासाठी गिरीश कर्नाड यांचे 'तुघलक' घ्यावे. १९६४ सालचे हे कन्नड नाटक कर्नाडांनी स्वतः इंग्रजीत आणले. दिल्लीहून दौलताबादला राजधानी नेणाऱ्या सुलतानाची ही कथा असल्याने राज्यकारभार, कट, न्याय, धर्म आणि अविश्वास यांविषयीचे शब्द त्यात भरपूर मिळतात, जे 'पिग्मॅलियन'मध्ये कमी आहेत. कन्नड वाचता येणाऱ्याने एखादा प्रवेश मूळ कन्नडमध्येही पाहावा. एकाच लेखकाने तीच गोष्ट दोन भाषांत कशी मांडली, हे तपासण्याची अशी संधी क्वचित मिळते. न्यायालयीन शब्द हवे असतील तर तेंडुलकरांचे १९६७ सालचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आधी मराठीत आणि मग प्रिया आडारकर यांच्या इंग्रजी अनुवादात वाचावे. आरोपी, साक्षीदार आणि फिर्यादी पक्ष यांची सगळी परिभाषा त्यात प्रसंगासह येते.

नवे नाटक सुरू करताना वही मात्र नवी घेऊ नये. जुन्या वहीतील कंसांच्या शब्दांची यादी समोर ठेवून 'तुघलक'चा पहिला प्रवेश वाचावा आणि कोणत्या पात्राच्या कोणत्या संवादापुढे 'पेरेम्प्टरिली' किंवा 'कर्टिअस' लिहिता येईल, ते समासात पेन्सिलीने लिहून पाहावे.